टप्प्यात नसलेला थांबा

“मांडीवर काय हाय मास्तर? लगेज लागंल याचं.”

परभणीच्या गाडीत कंडक्टर पोरगी तिकिटाचं मशिन घेऊन माझ्यापुढे उभी होती. अठ्ठावीस वर्षं मी याच रस्त्यावर लोकांच्या पोत्यांचं, कोंबड्यांचं आणि पत्र्याच्या ट्रंकांचं लगेज फाडलं, आणि आता ही मला नियम शिकवायला निघाली होती.

“मांडीवरच्या वस्तूचं कुठं लगेज असतंय का गं?”

“नियम तुमालाच जास्त मालूम,” ती म्हणाली आणि हसून पुढच्या बाकाकडे सरकली. तिनं तेव्हा हट्ट धरला असता, आमचं वाजलं असतं आणि तणतणत मी बोरीला उतरून माघारी फिरलो असतो, तर बरं झालं असतं असं मला आता रोज वाटतं.

मांडीवर सूर्यभानचा कंप्युटर होता. पडदा नव्हे, त्याच्याशेजारी असते ती लोखंडी पेटी. जुन्या चादरीत बांधली होती. खड्डा आला की मी तिला दोन्ही हातांनी धरत होतो. बोरीच्या अलीकडे एक बाभळीचा फाटा लागतो. तिथून गाडी गेली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं होतं, एवढं आठवतं. मनात काही आलं नाही. यायचं कशाला, मी तर खुशीत होतो. मित्राचं भलं करायला निघालो होतो ना.

सूर्यभान ड्रायव्हर आणि मी, बन्सीधर, त्याचा कंडक्टर. येलदरी–जिंतूर–परभणी या गाडीवर आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं काढली. एसटीत ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून सूर्यभाननं मला नावानं कधी हाक मारली नाही. तो गाडी चालवायचा आणि गप्प असायचा. बोलायचं खातं माझ्याकडे होतं. येलदरीच्या धरणाजवळ गाडी वळवताना मागून मी कितीही ओरडलो, “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे,” तरी हा त्याच्या अंदाजानंच थांबायचा, आणि तिथंच थांबायला हवं असायचं. त्याच्या हातून कधी कुत्रं मेलं नाही. ही काही मी मित्र म्हणून केलेली तारीफ नाही, डेपोत कुणालाही विचारा.

सात वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. काचबिंदू म्हणाले. बाजूनं येणारं ढोर, सायकल, पोर, काहीच त्याच्या नजरेत येत नव्हतं, आणि ते त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. त्याला स्टिअरिंगवरून उतरवून डेपोत हजेरी लिहायला बसवलं. दीड वर्ष त्यानं मान खाली घालून हजेरी लिहिली आणि मग घरी बसला. मी म्हणालो, “रड तरी.” तर म्हणाला, “कामून रडू? बरोबरच केलं त्यांनी. उद्या कोणाचं लेकरू गेलं असतं म्हंजी?”

घरी बसून माणूस कुजतो. त्याची बायको दैवशाला, तिनंच त्याला जिंतूरच्या कंप्युटर क्लासात ढकललं. तिथं शिकवायला सुकेशनी नावाची मुलगी होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, जिभेला धार. क्लास रिकामा असला की ती बस चालवायचा गेम खेळायची. पहिल्याच आठवड्यात सूर्यभान तिच्या पाठीमागे उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “चढावर गिअर चुकायलीस तू, बाई.”

तिनं उठून खुर्ची दिली. “बसा मामा. दाखवा.”

तो बसला, आणि मग उठलाच नाही म्हणायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात घरात जुना कंप्युटर आला. सुकेशनीनं कुठूनतरी वापरलेलं स्टिअरिंग मिळवून दिलं, खाली पायाला ब्रेक आणि एक्सलेटरसकट. ते बसवायला टेबल नव्हतं. दैवशाला म्हणाली, माझ्या शिलाई मशिनीवर बसवा, आता माझे डोळे तरी कुठं दोऱ्याला पुरतात. मशिनीच्या फळीवर त्यानं स्टिअरिंग पक्कं आवळलं. त्या पावसाळ्यात दैवशाला आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली. शिलाई मशिन तिथंच राहिलं, स्टिअरिंगसकट.

गेममध्ये परदेशातले रस्ते होते. गुळगुळीत. सूर्यभानला ते मानवेनात. “खड्डा न्हाई, ढोर न्हाई, कोणी हात दाखवत न्हाई. याला काय ड्रायव्हिंग मनतेत?” तो कुरकुरला. तेव्हा सुकेशनीनं त्याला सांगितलं की आपला रस्ता आपण बनवून गेममध्ये टाकता येतो. त्याला मॉड म्हणतात. पोरं लाल गाड्या बनवतात, हॉर्न बनवतात, आणि एकमेकांना फुकट देतात.

“फुकट कामून देतेत?”

“मग काय विकायचं मामा? तुमी येलदरीचा रस्ता विकताव का कोणाला?”

हे त्याला पटलं. आणि मग पाच वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नाही. मीही तोवर रिटायर झालो होतो. मला घेऊन तो गाडीत बसायचा, खिडकीची जागा धरायचा आणि वहीत लिहायला लावायचा. लिही मास्तर, पुलाच्या पुढं तीन लिंब, मग विहीर, मग उजव्या हाताला वळण, वळणावर फुटका दगड. कधी उतरून पायी चालायचो. बोरीतल्या चहावाल्याला वाटलं की आम्ही रस्ता रुंदीकरणाच्या सर्व्हेला आलोय. त्यानं आठवडाभर आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत आणि टपरी वाचवा म्हणून गळ घातली. सुकेशनीनं सुरुवातीचं करून दिलं, पुढचं तो स्वतः शिकला. पडद्याला नाक लावून एकेक झाड लावायचा. जिंतूरचं बसस्टँड करायला चार महिने लागले. झरीच्या पुढची उसाची शेतं त्यानं तीनदा उपटून पुन्हा लावली, कारण ऊस तोडल्यावर रान कसं दिसतं तेही त्याला हवं होतं.

आणि तो बाभळीचा फाटा. त्या फाट्याच्या आत सूर्यभानची वस्ती होती. लेकीच्या शाळेसाठी जिंतूरला राहायला येईपर्यंत दैवशाला रोज पावणेदहाला डबा घेऊन तिथं उभी असायची. एसटीच्या हिशेबी तिथं थांबा नाही. आमच्या तिकिटाच्या टप्प्यांत त्या फाट्याचं नावच नाही. पण सूर्यभान गाडी थांबवायचा, ती रस्ता ओलांडून त्याच्या खिडकीखाली यायची आणि डबा वर द्यायची. काहीतरी दोन शब्द बोलायची. मागे पॅसेंजर चुळबुळायला लागायचे, आणि मी दोन वेळा दोरी ओढून ओरडायचो, “चल बाबा, पब्लिक खोळंबलंय.” दोन बेल म्हणजे चला, आमच्या भाषेत डबल. रोज असंच. त्या बाईचं वाक्य मी कधी पुरं होऊ दिलं असेल असं मला वाटत नाही.

कंप्युटरमध्ये त्यानं तो फाटा केला, बाभळी लावल्या आणि सुकेशनीला म्हणाला, इथं एक बाई उभी पायजे. तिनं कुठूनतरी साडीतली बाई आणून उभी केली. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती.

“पिशवी न्हाई. डबा,” सूर्यभान म्हणाला.

“मामा, पिशवी काय, डबा काय. गाडीतून कुठं दिसायलंय तुमाला?”

“मला दिसंल.”

डबा तयार मिळत नव्हता. सुकेशनीनं पंधरा दिवस खपून तो केला. तीन पुडांचा, वरच्या पुडाला पोचा. पोचा कुठं आहे ते सूर्यभाननं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याची गाडी त्या फाट्यावर थांबायला लागली. मी शेजारी स्टुलावर बसून जुना तिकिटाचा पंच शिलाई मशिनीच्या लोखंडावर वाजवून बेल द्यायचो. हसा खुशाल. साठीला आलेली दोन माणसं गेम खेळत होती.

गल्लीतही हेच म्हणायचे, अन् त्याची लेक राजेश्रीही हेच म्हणायची. “अण्णा गेम खेळतात.” आमच्याकडे कंप्युटरपुढे बसलेला माणूस एकतर कामावर असतो नाहीतर खेळत असतो. याला तर काम नव्हतं. तो काही बनवतोय हे तिला कधी कुणी नीट सांगितलं नाही. तो सांगणारा नव्हता, आणि बोलायचं खातं ज्याच्याकडे होतं तो मी, मी सगळ्या जगाचं बोललो, एवढंच तेवढं राहिलं.

राजेश्री पुण्याला असते. तिचा नवरा योगीराज सभ्य माणूस आहे, घरी टीव्हीला कन्सोल लावून गेम खेळतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला दोघं आले तेव्हा सुकेशनी फराळाला आली होती, आणि तिचं आणि योगीराजचं चांगलंच जुंपलं.

“कन्सोल लावलं की चालतं,” योगीराज म्हणाला. “पीसीत रोज कायतरी बिघडतं. अण्णांसारख्या माणसानं फाइली शोधत बसायचं का?”

“कन्सोल म्हंजी लॉज हाय भाऊजी,” सुकेशनी म्हणाली. “गादी चांगली, पंखा चांगला, पण भिंतीला खिळा ठोकता येत न्हाई. पीसी आपलं घर असतंय.”

“खिळे कशाला ठोकायचे? पाहिजे ते विकत मिळतं. नवीन देश आला, नवीन गाडी आली की डीएलसी घ्यायची, म्हणजे गेमला जोडायचा नवा तुकडा. डाउनलोड करायचं नि चालवायचं.”

सूर्यभान करंजी खाता खाता थांबला. “म्हंजी गेमाचे पैशे दिल्यावर रस्त्याचे पैशे पुन्हा?”

“थोडेच असतात अण्णा. बनवणाऱ्यांनाही पोट असतं की.”

“तेबी खरं,” सूर्यभान म्हणाला. जावयाला तोडून बोलायची त्याची रीत नव्हती. “पण रस्ता असा तुकड्यातुकड्यानं विकत घेतलेला मी पाह्यला न्हाई.”

जाताना सुकेशनीनं त्याला सांगितलं होतं, मामा, सगळ्याची एक कॉपी काढून दुसरीकडे ठेवा. तो म्हणाला, घरातलं घरात हाय की, कोण चोरून नेतंय. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती नांदेडला गेली.

यंदा दसऱ्याच्या आधी सूर्यभानचा उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. ऑपरेशन ठरलं संभाजीनगरला. राजेश्री तिकडे त्याच्याजवळ राहिली, घराची किल्ली माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“काका, अण्णांना सांगू नका. आमी मोठा टीव्ही आन् कन्सोल पाठवलाय, उद्या येईल. तुमच्या देखत लावून घ्या. अण्णा घरी येतील तेव्हा समोर मोठ्ठा पडदा दिसला पायजे.”

“आन् कंप्युटर?”

“तो परभणीला जुन्याच्या दुकानात देऊन टाका. मी बोलले त्यांच्याशी. घरात राहिला तर अण्णा पुन्हा त्याच्यापुढंच नाक लावून बसतील. डॉक्टर मला बोलले ना. राहिलेला डोळा सांभाळायचाय.” आईच्या वेळी तिला पोचायला उशीर झाला होता, ते ती विसरलेली नाही.

मी विचारलं. नाही विचारलं असं नाही. “त्याची येलदरीची गाडी या नव्यात चालंल ना?”

“चालंल की. सगळं नेटवरच असतं काका, डाउनलोड होतं.” मागून योगीराज म्हणाला, “अकाउंट टाकलं की जुनं सगळं परत येतं. माझं नेहमी येतं.” तो खोटं बोलला नाही. त्याचं येत असेल.

आणि मलाही ते पटलं. का पटलं ते सांगतो. अठ्ठावीस वर्षांत डेपोनं मला शेकडो गाड्या दिल्या. आज ही, उद्या ती, स्प्रिंगचे पाटे तुटलेली, काच नसलेली. गाडी बदलली म्हणून येलदरी कधी हरवली नाही. तिकिटाचं मशिन बिघडलं, डेपोनं दुसरं हातात दिलं, त्यातही सगळे टप्पे जिथल्या तिथं होते. गाडी वेगळी आणि रस्ता वेगळा, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. पेटी म्हणजे गाडी. नवी येतेय, जुनी देऊन टाकू. रस्ता आहे तिथंच असणार.

म्हणून मी चादरीत बांधून ती घेऊन गेलो. पहिल्या गाडीनं.

सूर्यभान घरी आला तेव्हा दारात राजेश्रीनं त्याच्या डोळ्यांपुढून हात काढले, आणि त्यानं काळ्या चष्म्यातून भिंतभर टीव्ही बघितला. त्याला आनंद झाला. लेकीनं एवढं आणलं याचा झाला, हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली आणि चार वाजता मी स्टूल ओढून बसलो. योगीराजनं तीन देश आधीच घेऊन ठेवले होते. पडद्यावर बर्फातला रस्ता आला, इतका स्वच्छ की बघणाऱ्याला थंडी वाजावी. सूर्यभाननं मशिनीवरच्या स्टिअरिंगची वायर हातात घेतली, कन्सोलच्या मागे चाचपडला.

“हे बसत न्हाई याला.”

“याचं ते हातातलं हाय ना, बोटानं चालवायचं.”

“बरं,” तो म्हणाला. अंगठ्यानं त्यानं पाच मिनिटं गाडी चालवली. गाडी दोनदा कठड्याला घासली. मग म्हणाला, “येलदरी कुठाय यात?”

“डाउनलोड करायची. थांब, मी वाचतो.” त्याला बारीक अक्षरं दिसत नव्हती. दुकानाची यादी निघाली, देशाशेजारी किंमत. मी वाचत गेलो. इटली. पुढं, तो म्हणाला. फ्रान्स. पुढं. स्पेन. पुढं. मी वाचत होतो आणि तो पुढं पुढं म्हणत होता, असं यादी संपेपर्यंत चाललं. संपली. मी पुन्हा वरून सुरू केली.

“जुनी पेटी कुठं ठेवली मास्तर?”

“परभणीला दिली. राजेश्री म्हणाली... अरे गाडी बदलली फक्त. रस्ता तर हायच.”

पडद्यावर त्याची बस बर्फात कडेला उभी होती आणि तिचं वायपर हलत होतं. मला वाटलं त्यानं ऐकलंच नाही.

“रस्ता पेटीतच व्हता मास्तर,” तो म्हणाला.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी उगाच बडबडायला लागलो, की दुकानदार ओळखीचा आहे, की आत्ता फोन करतो, की पेटी काय कुठं पळून जातेय. त्यानं टीव्ही बंद केला. “उद्या जाऊ,” एवढंच म्हणाला. त्यानं मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. आईवरून दिल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या.

सकाळच्या गाडीनं गेलो. परभणीचा दुकानदार भला होता, त्यानं खुर्च्या दिल्या. “काका, ती तर आली त्याच दिवशी फॉरमॅट मारली. सगळं पुसून नवीन टाकलं. टायपिंगच्या क्लासवाल्यानं नेलीबी.” सूर्यभाननं विचारलं, काही निघू शकतं का. दुकानदारानं आमच्यासमोर क्लासवाल्याला फोन लावला, पेटी मागवून घेतली, त्याच्याजवळचं कसलंसं लावून दीड तास शोधलं. निघालं ते एक झाड. हिरवा ठिपका म्हणा. ते कुठलं झाड हे सूर्यभानला काचेला डोळा लावूनही सांगता आलं नाही.

“तुमचा वेळ गेला,” सूर्यभान दुकानदाराला म्हणाला, आणि आम्ही स्टँडवर आलो.

परतताना तो खिडकीशी बसला होता. खिडकीतून त्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. झरी गेली, बोरी गेली. थोड्या वेळानं म्हणाला, “फाटा गेला का?”

“आत्ताच गेला.”

“कोणी व्हतं का उभं?”

“न्हाई.”

सुकेशनीला फोन मीच केला, सूर्यभानसमोर, स्पीकरवर. आधी ती ओरडली, कुणावर तेही तिला कळत नव्हतं. मग रडली. तिच्याकडे एका पेनड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षाची कॉपी होती, येलदरीपासून जिंतूर स्टँडच्या दारापर्यंतची. स्टँडच्या पुढे जमीनच नाही. आणि तेवढंही कन्सोलमध्ये टाकता येत नाही, तिथं आपलं काही चालत नाही, कंपनी देईल तेच. “मी पुन्हा करून देते मामा,” ती म्हणाली. मागे तिचं तान्हं रडत होतं आणि कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिच्या घरी एकच लॅपटॉप आहे, सासऱ्यांचा, त्याला ती हात लावत नाही. तिनं लग्नानंतर एकदाही गेम उघडलेला नाही.

“राहू दे बाई,” सूर्यभान म्हणाला. “बनवशील गं. पण बरोबर झालं का ते सांगायला डोळा कोणाचा आणू? लेकराला बघ, ते रडायलंय.”

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, ऑपरेशननं गेलेलं परत येत नसतं, उरलेलं थोडे दिवस टिकतं. ते टिकत नाहीये. मागच्या तपासणीत नळी आणखी अरुंद झाली.

राजेश्रीला त्यानं काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. “तिनं मायेनं केलं मास्तर. तिच्या कानावर गेलं तर तिचं तोंड पाहवंल का?” दर रविवारी तिचा व्हिडिओ फोन येतो. हा टीव्हीपुढे बसतो, हातात ते कन्सोलचं धरतो आणि म्हणतो, “लय भारी हाय गं. एकदम मोठं दिसायलंय.” मग योगीराजला हुरूप येतो आणि सणासुदीला तो आणखी एक देश घेऊन टाकतो. दिवाळीला दोन घेतले, संक्रांतीला एक, नवीन वर्षाचा सेल होता तेव्हा तीन. आधीचे धरून सूर्यभानकडे आता नऊ देश आहेत. एकाही देशाच्या रस्त्यावर त्याची गाडी शंभर पावलं गेलेली नाही. टीव्हीवर त्यानं दैवशालाची जुनी साडी टाकून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून.

मी रोज चार वाजता जातो. जायला तोंड नव्हतं, पहिले दोन आठवडे गेलो नाही. मग त्यानंच निरोप पाठवला, मास्तर ड्युटीला कामून येईना.

गेलो तर तो शिलाई मशिनीपुढे बसला होता. स्टिअरिंग तसंच आवळलेलं, त्याची वायर खाली लोंबत होती, कशालाच लावलेली नव्हती. पाय ब्रेकवर होते.

“काढायची का गाडी?” तो म्हणाला.

मी स्टूल घेतलं, खिशातून पंच काढला आणि मशिनीच्या लोखंडावर दोनदा वाजवला. त्यानं पहिला गिअर टाकला. गिअरचा दांडा तिथं नाही, त्याचा हात हवेतच गेला आणि बरोबर आला. मी थांबे सांगत गेलो. माझ्या जिभेवर सगळे टप्पे आहेत, झोपेतून उठवलं तरी चुकणार नाहीत. येलदरी कॅम्प सुटलं. घाट चढला. त्यानं वळणाला स्टिअरिंग वळवलं, खड्ड्याला पाय उचलला. जिंतूर स्टँडला गाडी लागली, आम्ही खरोखर दहा मिनिटं थांबलो, मी आत जाऊन दोघांचा चहा केला. पुन्हा डबल दिली. जिंतूरनंतरचे टप्पे एकामागून एक आले, गेले, आणि माझ्या जिभेवर बोरी आली. टप्प्यांच्या यादीत तिथं बोरीच येते.

मी तोंड उघडायच्या आत त्यानं ब्रेक दाबला.

गाडी न्यूट्रलला आणली. उजवा हात स्टिअरिंगवरून काढून त्यानं खिडकी असते तिथून थोडा खाली नेला, काहीतरी घेतल्यासारखा परत आणला आणि डाव्या बाजूला हळूच टेकवला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान उजवीकडे किंचित वाकवून तो बसून राहिला. कुणाचं तरी ऐकताना माणूस बसतो तसा.

पंच माझ्या हातात होता. मी तो फळीवर ठेवून दिला, वाजणार नाही असा. चहाचा उरलेला घोट कपात निवला. बाहेर शाळा सुटली, पोरं ओरडत गेली, दळणाची गिरणी सुरू झाली आणि बंद झाली. गाडी तिथंच उभी होती.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवले.

“चल मास्तर,” तो म्हणाला, “पब्लिक खोळंबलंय.”

मी डबल दिली.